सर्रा रोगाचा शोध लावणारा पशुवैद्य

शेतकऱ्याच्या गोठ्यातील बैल किंवा म्हैस ही केवळ मालमत्ता नव्हे. बैलाला नाव असते, त्याच्या स्वभावाची घरात चर्चा होते, आणि मुलांच्या शाळेचा व आजारपणाचा खर्च पुष्कळदा म्हशीच्या दुधावरच निघतो. म्हणून असे जनावर अंगाने झडू लागले, वैरणीवरून तोंड फिरवू लागले, आज ताप तर उद्या बरे असे करीत करीत एके दिवशी गोठ्यात आडवे झाले, म्हणजे त्या घरावर कोणते संकट कोसळते, याची कल्पना शहरात राहणाऱ्यास येणे कठीण. दुःखाच्या पाठोपाठ मग शंका येते. कोणाची दृष्ट लागली? कोणी करणी केली? आणि संशयाचे बोट शेवटी वळते ते गावातील एखाद्या निराधार विधवेकडे किंवा ज्याच्याशी बांधावरून तंटा आहे अशा शेजाऱ्याकडे. जनावर गेले ते गेलेच. त्याच्यामागून शेजारधर्मही जातो.

ज्या रोगाने असे घडते, त्यांपैकी एकाचे खरे कारण आज जगाला ठाऊक आहे. ते कारण शोधून काढणारा मनुष्य एक पशुवैद्य होता, आणि त्याने तो शोध आपल्याच या उपखंडात, सिंधू नदीच्या काठी, 1880 साली लावला. त्याचे नाव ग्रिफिथ इव्हान्स. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या नामावळीत त्याचे नाव क्वचितच आढळते. तरीही त्याची हकीकत आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी वाचावी असे आम्हांस वाटते. कारण तिच्यात विद्येची कथा आहे तशी सत्याला चिकटून राहण्याचीही कथा आहे.

वेल्सचा शेतकरीपुत्र

ग्रिफिथ इव्हान्स यांचा जन्म 1835 साली वेल्स प्रांतात टाविन या गावाजवळ झाला. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातून 1855 साली त्यांनी पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि पुढे 1860 मध्ये ते ब्रिटिश लष्कराच्या तोफखान्यात पशुवैद्य म्हणून दाखल झाले. त्यांची नेमणूक कॅनडात झाली. तेथे सरकारी घोड्यांची देखभाल करीत असतानाच त्यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात माणसांच्या वैद्यकाचा अभ्यास केला आणि 1864 साली त्याही विद्येची पदवी मिळविली. त्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्धाची रणभूमी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची भेट घेतली.

जनावरांचा वैद्य आणि माणसांचा वैद्य या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या ठायी आल्या, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. त्या काळी पशुवैद्य म्हणजे नाल मारणाऱ्याचा थोरला भाऊ अशीच अनेकांची समजूत होती. इव्हान्स यांनी मात्र सूक्ष्मदर्शक यंत्राची मनापासून उपासना केली होती. घोड्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून तासन् तास न्याहाळणारा हा अधिकारी 1877 साली हिंदुस्थानात आला.

डेरा इस्माईलखान येथील मरी

1880 साली पंजाबच्या सरहद्दीवरील डेरा इस्माईलखान येथे लष्कराचे घोडे आणि उंट मोठ्या संख्येने मरू लागले. हे ठिकाण आज पाकिस्तानात आहे. स्थानिक लोक या रोगाला 'सर्रा' म्हणत. या शब्दाचे मूळ काही कोशकार चक्क आपल्या मराठीत दाखवितात: नाकपुड्यांतून जड निघणाऱ्या श्वासाचा जो 'सूर', त्यावरून हे नाव पडले असे त्यांचे म्हणणे. कोणी त्याचा संबंध हिंदीतील 'सडणे' या शब्दाशी जोडतात. मूळ काहीही असो, रोग मात्र भयंकर होता. घोड्याला ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. अंगातील रक्त जणू पाणी होत जाई. पाय व पोटाखालचा भाग सुजे. खाणे चालू असूनही जनावर दिवसेंदिवस हाडांचा सापळा होई आणि अखेर मरे.

सरकारने इव्हान्स यांस चौकशीसाठी पाठविले. त्यांनी आजारी घोड्यांचे व उंटांचे ताजे रक्त यंत्राखाली धरले, तो रक्तपेशींच्या गर्दीतून काहीतरी वळवळत, गिरक्या घेत, पेशींना ढकलीत धावताना दिसले. ईलमाशासारखा निमुळता देह, त्याला एका बाजूने लहरणारी पातळ झालर आणि टोकाला चाबकासारखे शेपूट. हा जीव इतका लहान की शंभराच्या आसपास जीव एकापुढे एक मांडावे तेव्हा कोठे दोन-तीन मिलिमीटर लांबीची रेघ व्हावी.

नुसते पाहून इव्हान्स थांबले नाहीत. आजारी जनावरात एखादी वस्तू आढळली म्हणजे तीच रोगाचे कारण असे ठरत नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी रोगी जनावराचे रक्त निरोगी घोड्याच्या व कुत्र्याच्या शरीरात घातले. त्या प्राण्यांस तोच ताप आला, आणि त्यांच्याही रक्तात तेच जीव दिसू लागले. जीव नाही तेथे रोग नाही. जीव गेला तेथे रोग गेला. हा पुरावा घेऊन इव्हान्स यांनी त्याच वर्षी आपला अहवाल सरकारास सादर केला. त्यात आणखीही एक मोलाची नोंद त्यांनी केली. तेथील अडाणी म्हणविले जाणारे लोक सांगत की हा रोग मोठ्या तपकिरी माशीच्या दंशाने होतो. हे बोलणे थट्टेवारी न नेता त्यांनी ते लिहून ठेविले.

वरिष्ठांचा नकार

एवढा स्पष्ट पुरावा पाहून त्यांचे कौतुक झाले असेल, असे वाचकांस वाटेल. घडले ते उलटेच. त्या काळी रक्तातील असल्या जीवांविषयी सरकारी वर्तुळात निराळे मत प्रचलित होते. कलकत्त्याचे डॉक्टर टिमथी ल्युइस यांनी थोड्याच वर्षांपूर्वी उंदरांच्या रक्तात याच जातीचे जीव पाहिले होते, आणि ते उंदीर तर धडधाकट दिसत होते. तेव्हा असे जीव निरुपद्रवी असतात, रोगाने शरीर बिघडले म्हणजे ते रक्तात वाढतात, ते रोगाचे कार्य होय, कारण नव्हे, असा थोरामोठ्यांचा निर्वाळा पडला. एका पशुवैद्याचे म्हणणे मागे सारण्यात आले.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्याच 1880 सालच्या नोव्हेंबर महिन्यात आल्जेरियात आल्फोन्स लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टराने हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात हिवतापाचा जीव पाहिला. त्यांच्यावरही प्रथम कोणी विश्वास ठेविला नाही. लाव्हेरान यांस 1907 साली नोबेल पारितोषिक मिळाले. इव्हान्स यांच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ उपेक्षाच आली.

आणि तरीही सत्याची एक खूण अशी असते की ते कोणाच्या मान्यतेसाठी खोळंबून राहत नाही. 1885 साली ब्रह्मदेशात लष्करी खेचरांमध्ये हाच रोग उद्भवला. तेथे गेलेले पशुवैद्य जॉन हेन्री स्टील यांस रक्तात तेच जीव आढळले, आणि त्यांनी त्या जीवाला इव्हान्स यांचेच नाव दिले. हेच स्टील पुढच्या वर्षी, 1886 मध्ये, मुंबईत परळ येथे सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. आपल्या मुलखातील कितीतरी पशुवैद्यांची विद्या ज्या संस्थेतून आली, तिच्या पायाशी असा या हकीकतीचा धागा गुंतलेला आहे. त्या जीवाला आज शास्त्रात 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी' म्हणतात. या कुळातील जीव रोग उत्पन्न करू शकतो, हे सिद्ध करणारा तो जगातील पहिला शोध होता.

माशीचे काम

मग शोधांची मालिकाच सुरू झाली. 1893 साली अमेरिकेत थियोबाल्ड स्मिथ व पशुवैद्य फ्रेड किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमुळे पसरतो हे दाखवून दिले. किडा हा रोगाचा वाहक असू शकतो, हे यामुळे ठाम झाले. 1895 च्या सुमारास आफ्रिकेतील झुलूलँडमध्ये डेव्हिड ब्रूस यांनी गुरांच्या 'नागाना' रोगाचा जीव शोधला आणि तो त्सेत्से माशी वाहून नेते हे सिद्ध केले. 1897 च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा जीव पाहिला. हैदराबादच्या आमच्या वाचकांना ते ठिकाण परके नाही. आणि 1901 साली लिओनार्ड रॉजर्स यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध करून दाखविले की सर्रा रोग खरोखरच घोड्यांना चावणाऱ्या मोठ्या माशीने पसरतो. डेरा इस्माईलखानच्या त्या अडाणी म्हणविलेल्या लोकांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

ही माशी कसे काम करते ते समजून घेणे प्रत्येक गोठेवाल्यास उपयोगाचे आहे. हिवतापाचा जीव डासाच्या पोटात वाढतो, तसा सर्ऱ्याचा जीव माशीत वाढत नाही. माशीचे तोंड हे त्याला केवळ घाणेरड्या सुईसारखे आहे. मोठी चावरी माशी जनावराच्या कातडीला कापून रक्त पिऊ लागते, जनावर वेदनेने शेपटी मारते, माशी उडते आणि अर्धवट भुकेने लगेच शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तातून रोग दुसऱ्या जनावरात उतरतो. ते रक्त सुकले की धोका सरतो. म्हणून हा रोग एकमेकांस खेटून बांधलेल्या जनावरांत झपाट्याने पसरतो. रोगी जनावर काही अंतरावर नेऊन बांधले तर पुष्कळ संसर्ग टळतो.

ताप चढण्याउतरण्याचे कारणही आता कळले आहे. आपल्याकडे बहुरूपी दारोदार येतो. आज शिपाई, उद्या फकीर, परवा गोसावी. हा जीव तसाच बहुरूपी आहे. जनावराचे शरीर त्याचे एक रूप ओळखून त्याचा संहार करू लागते, तो त्यांतील थोडे जीव अंगावरचा अंगरखा बदलून निराळ्या रूपाने उभे राहतात. शरीराला पुन्हा नव्याने लढाई सुरू करावी लागते. प्रत्येक लढाईबरोबर ताप येतो, आणि अशा लढाया लढता लढता जनावर थकून जाते. म्हणूनच या रोगावर अद्याप लस तयार होऊ शकलेली नाही.

घोडा, उंट व कुत्रा यांस हा रोग बहुधा मारक ठरतो. गाय व म्हैस यांच्यात तो पुष्कळदा गुपचूप राहतो. दूध आटते, गाभण जनावर गाभडते, अंग झडते, आणि धन्याला वाटते वैरणच निकस असेल. कधी मात्र तो एकाएकी उसळतो. जनावर गोल गोल फिरते, भिंतीवर डोके आपटते आणि काही तासांत मरते. नेमका हाच प्रकार लोकांना 'बाहेरचे' वाटतो, आणि नेमके अशाच वेळी एखाद्या निरपराध माणसावर किटाळ येते. शाकाहारी जनावरांपुरताच हा रोग मर्यादित नाही. 2000 सालच्या जुलै महिन्यात ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात थोड्या दिवसांत दहाहून अधिक वाघ मरण पावले, ते याच जीवामुळे.

चंद्रपूर जिल्ह्यातील एक रोगी

हा जीव मनुष्याच्या वाटेला जात नाही, असे शतकाहून अधिक काळ मानले जात असे. मनुष्याच्या रक्तात परमेश्वराने एक असे प्रथिन ठेविले आहे की ते या जीवाला फोडून टाकते. ही तटबंदी आपल्या अंगात आहे, याची आपल्याला दाददेखील नसते. परंतु 2004 साली महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यात गुरे पाळणाऱ्या एका शेतकऱ्यास वारंवार चढउतार होणारा ताप येऊ लागला. त्याच्या रक्तात डॉक्टरांना वळवळणारे जीव दिसले, आणि तपासाअंती तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीच असल्याचे निष्पन्न झाले. मनुष्याला या जीवाची बाधा झाल्याची ही जगातील पहिली निःसंशय नोंद होय. सुरामिन या औषधाने तो गृहस्थ बरा झाला. नंतर त्याच्या गावातील अठराशेहून अधिक लोकांचे रक्त तपासण्यात आले. सुदैवाने आणखी कोणाच्याही रक्तात तो जीव मिळाला नाही.

त्या शेतकऱ्यालाच का व्हावे, याचाही उलगडा 2006 साली झाला. ते संरक्षक प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हते. त्याने कोणाचे पाप केले नव्हते, कोणी त्याच्यावर मूठ मारली नव्हती. आईबापांकडून आलेल्या वारशात एक लहानशी उणीव होती, इतकेच. पुढे 2015 साली व्हिएतनाममध्ये एका स्त्रीस हीच बाधा झाली. तिच्या रक्तात मात्र ते प्रथिन होते. कच्चे गोमांस कापताना तिच्या हाताला जखम झाली होती. तेव्हा तटबंदी असली तरी सावधपणा सोडू नये, हा धडा घ्यावयाचा.

जनावराचे दुखणे हे पुष्कळदा माणसाला आगाऊ मिळालेली सूचना असते. आपल्या सह्याद्रीच्या रानातच याचे उदाहरण आहे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला व तो गोचिडांतून येतो हे दाखविले. हाच माकडताप 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 साली सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागात दिसून आला. काजूच्या बागांत व रानात काम करणाऱ्यांनी मेलेले माकड पाहिले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे, ते याचसाठी.

आशीर्वाद आणि औषध

आमच्या धर्मग्रामांतून संत अंतोनी मठवासी यांच्या सणास, 17 जानेवारीच्या सुमारास, जनावरांना आशीर्वाद देण्याची प्रथा ठिकठिकाणी आहे. कोणी विचारील, पवित्र पाणी शिंपडल्यावर डॉक्टराची गरज काय? आमचे उत्तर असे की आशीर्वाद व औषध हे परस्परांचे वैरी नव्हेत. बेनसिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, कारण त्याची विद्या व जमिनीतून उगवणारी औषधे दोन्ही देवाचीच देणगी होत. नीतिसूत्रांच्या ग्रंथानुसार आपल्या जनावराच्या जिवाची पर्वा करणे हे सज्जनाचे लक्षण आहे. आणि पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात स्मरण करून दिले की सृष्टीतील प्रत्येक जीव देवाला मोलाचा आहे व मनुष्य हा तिचा मालक नसून राखणदार आहे. जो राखणदार रोगी जनावर डॉक्टराकडे न नेता भगताकडे नेतो, त्याने राखण केली असे म्हणता येत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी आम्ही येथे सांगून ठेवितो. पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत चावऱ्या माश्या फार वाढतात. त्या दिवसांत गोठा कोरडा ठेवावा, शेण व मूत साचू देऊ नये, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा. बाजारातून आणलेले नवे जनावर लगेच इतरांच्या दावणीला बांधू नये. काही दिवस वेगळे ठेवून त्याचे रक्त तपासून घ्यावे. ताप चढलेला असतानाच पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर द्यावी. कानाच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबावर निदान होऊ शकते, आणि वेळेवर योग्य इंजेक्शन मिळाले तर जनावर वाचते. एकाच सुईने अनेक जनावरांस टोचू देऊ नये; माशी जे करते तेच ती सुई करते. अर्धवट मात्रेचे औषध कोणा उपटसुंभाकडून घेऊ नये, कारण अशाने रोगाचे जीव औषधाला दाद देईनासे होतात. मेलेले जनावर कुत्र्यांपुढे न टाकता खोल पुरावे.

आणि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ही: जनावर मेले म्हणून कोणा माणसाकडे बोट दाखवू नये. ज्याचे कारण रक्ताच्या थेंबात आहे, त्याचे खापर शेजारणीच्या माथी मारणे हे आठव्या आज्ञेचा भंग करणारे पाप आहे. खोटी साक्ष न्यायालयातच दिली जाते असे नाही. ती पाणवठ्यावर आणि ओट्यावरही दिली जाते.

इव्हान्स यांचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख आटोपतो घेऊ. 1890 साली ते सेवेतून निवृत्त झाले आणि वेल्समध्ये परतले. आपल्या शोधाची उपेक्षा झाली म्हणून त्यांनी सत्य मागे घेतले नाही. 1917 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने त्यांस मेरी किंग्जली पदक देऊन गौरविले. शंभरी पूर्ण करून 1935 च्या डिसेंबरात ते निवर्तले. 1880 चा त्यांचा अहवाल जे मानीत नव्हते, ते सर्व त्यांच्याआधीच काळाच्या पडद्याआड गेले होते.

प्रभूने एका दृष्टान्तात हरवलेले मेंढरू शोधावयास निघालेल्या धन्याचे वर्णन केले आहे. मुक्या जिवाच्या दुःखाचे कारण शोधणाराही आपल्या परीने त्याच वाटेने चालत असतो. आपल्या गावच्या पशुवैद्याला तालुक्याहून यावयास उशीर झाला तर त्याच्यावर तोंडसुख घेण्यापूर्वी वाचकांनी एवढे आठवावे. आणि तो आला म्हणजे त्याला पाण्याचा तांब्या पुढे करून जनावराची सगळी हकीकत, लाज न धरता, खरी खरी सांगावी.